गोव्याच्या हवेत घरची कोथिंबीर

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हापशाला घर, पुढे बलकांव म्हणजे दारापुढची पडवी, मागे लहानसे परसू. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरची कोथिंबीर हवी म्हणून श्रावणात धने पेरलेस, ते उगवले आणि आठवड्याभरात रोपे मुळाशी कुजून आडवी झाली. मग दसऱ्याला मे महिन्यातल्या पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या बेगमीचे, उरलेले धने टाकलेस, ते पंधरा दिवस वाट पाहूनही वर आले नाहीत. जानेवारीत नवे आणून पेरलेस, ती कोथिंबीर सुरेख आली, पण दोनदा कापते न कापते तोच मार्च उजाडला, पाने बडीशेपेसारखी बारीक झाली आणि मधून दांडा वर निघाला. शेवटी तू विचारतेस, की माझ्या हाताला गुण नाही का, आणि गोव्यात वर्षभर घरची कोथिंबीर मिळू शकते का, आणि ती कापायची कशी.

हाताचा दोष अजिबात नाही. तिन्ही वेळा बिघडण्याचे कारण वेगळे होते आणि तिन्ही कारणे मी स्वतः अनुभवलेली आहेत. डिचोली तालुक्यात आमच्या घरामागे पंचवीसेक वर्षे मी भाजी करते. सुरुवातीची चार-पाच वर्षे कोथिंबिरीने मला रडवले. तांबडी भाजी, मुळा, वाल, भेंडी सगळे व्हायचे, हीच तेवढी व्हायची नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिचा स्वभाव ओळख. कढीपत्त्यासारखे एकदा लावून वर्षानुवर्षे तोडत राहावे असे हे झाड नाही. कोथिंबिरीचे सगळे आयुष्य तीन-साडेतीन महिन्यांचे. तेवढ्यात ती उगवते, पाने देते, फुलते, धने धरते आणि वाळते. यातले पानांचे दिवस थंड हवेत लांबतात आणि उकाड्यात आखडतात. तिला सुखाची हवा म्हणजे साधारण १८ ते २५ अंश. आपल्याकडे दुपारी ३२-३३ अंश ही थंडीतलीसुद्धा नेहमीची गोष्ट, रात्र तेवढी २०-२१ पर्यंत उतरते. आत सत्तरी, सांगे या बाजूला पहाटेचा गारवा जास्त असतो, किनाऱ्याला कमी. म्हणजे गोव्यात कोथिंबीर नेहमी थोड्या घाईत असते. ती घाई आपण पूर्ण थांबवू शकत नाही. म्हणून एकच मोठा वाफा करून तो जपत बसू नये. दर पंधरा दिवसांनी हातभर जागेत नवे बी टाकत राहावे. पहिला तुकडा फुलावर येईपर्यंत दुसरा कापायला तयार असतो, तिसरा नुकता उगवलेला असतो. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापासून होळीच्या सुमारच्या शिगम्यापर्यंत कोथिंबिरीची जुडी विकत येत नाही, ती याच्या जोरावर.

दांडा वर येण्याला उकाडा एकटा जबाबदार नाही. दिवस लांबत गेला की हिला फुलायची वेळ झाल्याचे कळते. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस ११ तासांहून थोडाच मोठा असतो, जूनमध्ये तो १३ तासांपर्यंत जातो. त्यात माती एकदोनदा कडकडीत वाळली, किंवा रोप उपटून दुसरीकडे लावताना मूळ दुखावले, तर हे झाड आपले दिवस भरले असे समजून थेट फुलांच्या तयारीला लागते. तुझ्या जानेवारीच्या कोथिंबिरीचे तेच झाले आणि ते बऱ्याच अंशी होणारच होते. दोन महिने तिने पाने दिली, म्हणजे तिने आपले काम केले. चुकले ते एवढेच, की तिच्या मागे दुसरी पेरणी उभी नव्हती.

आता पेरायचे कधी? गोव्यात पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मागे फिरतो आणि लगेच ऑक्टोबरचे ते चिकट ऊन सुरू होते. दसऱ्याला हात शिवशिवतात, मलाही होते तसे, पण तेव्हा उघड्यावरची माती तापलेली असते आणि धने उगवायला कुचराई करतात. तेव्हा पेरायचेच असेल तर सावलीत, थोडेसे, मनाची हौस म्हणून. खरी पेरणी दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जे पेरशील ते सर्वात चांगले येईल. त्या दोन महिन्यांत चार-पाच पेरण्या होतात. फेब्रुवारीतल्या पेरणीला दुपारची सावली हवीच, आणि तिच्याकडून एका कापणीपेक्षा जास्त अपेक्षा नको. मार्च-एप्रिल-मेमध्ये मी कोथिंबीर मोठी करायच्या भानगडीत पडत नाही, बोटभर उंचीची असतानाच काढून घेते. पावसाळ्याचे वेगळे लिहिते खाली.

बियाण्याबद्दल थोडे जास्त लिहिणार आहे, कारण निम्मे लोक इथेच हरतात. आपण ज्याला धना म्हणतो तो एक दाणा दिसत असला तरी ते फळ आहे आणि त्याच्या आत दोन बिया असतात. अख्खा पेरला तरी उगवतो, पण कवच जाड असल्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. म्हणून धने गोणपाटावर पसरून वरून जुन्या चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलके रगडायचे, की त्यांच्या दोन फाकी होतात. भार टाकू नकोस. पीठ झाले किंवा आतला गर चेपला तर ते बी गेले. पाट्यावर वरवंट्याने रगडणारेही आहेत, पण त्यात दाणे हमखास फुटतात, मी ते सोडून दिले. रगडलेले धने रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचे, ८ ते १२ तास पुरेत. दोन दिवस पाण्यात ठेवले तर आंबतात. सकाळी उपसून ओल्या फडक्यात सैल बांधून आणखी एक दिवस ठेवले तर उगवण जरा लवकर आणि एकसारखी होते.

तुझे दसऱ्याचे धने का उगवले नाहीत, याचे माझे उत्तर असे. एकतर माती तापलेली. दुसरे, आणि मला वाटते मोठे कारण, म्हणजे ते धने अख्खा पावसाळा स्वयंपाकघरात राहिले होते. बी जिवंत असते आणि उष्णता अधिक दमट हवा ही त्या जिवाची वैरी. पुरुमेंताला आणलेले धने आपण मासळीच्या हुमणासाठी, शाकुतीच्या मसाल्यासाठी आणतो. भाजून वाटायचे असतात, त्यामुळे थोडे सर्द झाले तरी कोणाचे अडत नाही. पेरायला मात्र तेच धने आळशी होतात. शिवाय दुकानात आलेले धने त्या वर्षीचे की त्याआधीचे, ते बाहेरून कळत नाही. आपल्या देशात धन्याचे पीक मुख्यतः राजस्थान, मध्य प्रदेश आणि गुजरातेत रब्बीत होते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास काढतात. तेव्हा नवे आलेले धने मी एप्रिलमध्ये घेते, दोन दिवस उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर सुकवते आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून पेरणीसाठी वेगळे ठेवते. हिरवट झाक असलेले, बारीक आणि सुगंधी धने मोठ्या, फिक्या, टरफलासारख्या दाण्यांपेक्षा मला नेहमी चांगले उगवलेले आहेत.

पण अंदाजावर जाऊ नकोस, आधी परीक्षा घे. वीस धने मोज, रगड, भिजव, ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेव आणि फडके सुकू देऊ नकोस. आठ-दहा दिवसांत किती फाकींना पांढरे कोंब आले ते मोज. चाळीसपैकी पंचवीस-तीस फुटल्या तर बी उत्तम. पंधराच्या आसपास असतील तर दाट पेर. पाच-सहाच फुटल्या तर ते धने आमटीला वापर आणि दुसरे आण. या एका परीक्षेने पंधरा दिवसांची वाट आणि मनस्ताप वाचतो.

बियाण्याचे पाकीट घ्यायचे असेल तर त्यावरची तारीख वाच, आणि भाजीसाठीची जात आहे का ते पाहा. काही जाती धन्यासाठी काढलेल्या असतात, त्या लवकर फुलतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का ईशा ही जात पुन्हा पुन्हा कापण्यासाठीच काढलेली आहे, पाने रुंद आणि फुलायला उशीर. पंतनगरची पंत हरितमा पाने आणि धने दोन्हींसाठी चालते. नेमके बी मिळाले नाही तर जवळच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात चौकशी कर. एक खबरदारी घे. पाकिटातले बी गुलाबी किंवा निळसर रंगाचे असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते फक्त पेरायचे, उरले म्हणून मसाल्याच्या डब्यात टाकायचे नाही. घरात लहान मुले असतील तर ते त्यांच्या हाताला लागणार नाही असे ठेव.

मातीचे म्हणशील तर आपल्याकडे आत डोंगराकडे जांभ्याची तांबडी माती, किनाऱ्याला रेताड आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, आसपास खारट. जांभ्याची माती आंबट असते आणि पावसात तिच्यातला कस धुऊन जातो. कोथिंबिरीला फार आंबट माती आवडत नाही. मी वाफा करताना चांगले कुजलेले शेणखत घालते, चौरस मीटरला दोन-तीन घमेली, आणि चुलीतली चाळलेली राख एक मूठ. राखेने आंबटपणा थोडा मोडतो. पण मूठ म्हणजे मूठच, टोपलीभर राख ओतली तर माती उलट्या बाजूला बिघडते. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जळलेल्या चुलीची राख घेऊ नकोस. ताजे शेण तर अजिबात नको, त्याने मुळे जळतात आणि हुमणीच्या अळ्या येतात.

तुझ्याकडे जागा थोडी आहे, त्यात काही बिघडत नाही. मासळीबाजारात थर्मोकोलचे खोके मिळतात, मासे बर्फात घालून येतात ते. कोथिंबिरीला याहून चांगले भांडे मला अजून सापडलेले नाही. रुंद असतात, पुरेसे खोल असतात, आणि उन्हात मातीला तापू देत नाहीत. प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत दुपारी बोट घालून पाहा आणि या खोक्यात घालून पाहा, फरक लगेच कळेल. फक्त खोका दोन-तीनदा धुऊन एक दिवस पाण्याने भरून ठेव, म्हणजे मीठ आणि वास जाईल, आणि तळाला बोट जाईल अशी आठ-दहा भोके पाड. मातीची खोली निदान वीतभर हवी. कोथिंबिरीचे मूळ मुळ्यासारखे सरळ खाली जाते, त्याला खाली जागा मिळाली नाही की झाड खुजे राहते आणि लवकर फुलते. याच कारणाने रोपे तयार करून लावायची नाहीत, जिथे वाढवायची तिथेच पेरायची. खोक्यात दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून पिळून घे, त्यात बरेचदा मीठ असते.

पेरताना बोटाने किंवा काडीने रेघा ओढायच्या, दोन रेघांत चार बोटांचे अंतर. बी अर्ध्या पेराएवढे खोल, फार तर अर्धा इंच, वर भुसभुशीत माती आणि हाताने हलकी थाप. वाफ्यात चौरस मीटरला पाच ग्रॅम, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने वरपर्यंत भरून दोन चमचे धने पुरतात. मासळीच्या एका खोक्याला अर्धा चमचा. दाट पेरल्याने जास्त मिळेल असे वाटते, पण रोपे एकमेकांना चिकटून उभी राहिली की वारा खेळत नाही, बुडाशी ओल राहते आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. मग पेरलेल्या जागेवर भाताचा पेंढा पातळ पसरायचा, किंवा माडाचे चुडत आडवे टाकायचे. त्याने ओल टिकते, कोंबड्या उकरत नाहीत आणि पाणी घालताना बी उघडे पडत नाही. सातव्या-आठव्या दिवसापासून रोज सकाळी पेंढा उचलून पाहायचा. कोंब दिसले की त्याच दिवशी आच्छादन काढायचे. एक दिवस उशीर झाला तर रोपे उजेडासाठी पिवळी, लांबुडकी होतात आणि पुढे कायम लोळतात. दहा-बारा दिवसांत काहीच दिसले नाही तर माती उकरून बी पाहा. फुगलेले, घट्ट असेल तर थांब. मऊ होऊन वास येत असेल तर पाणी जास्त झाले. बीच सापडले नाही तर मुंग्यांनी नेले.

पाणी सकाळी, झारीने. संध्याकाळी पाने ओली करून ठेवली की आपल्या दमट रात्रीत ती सकाळपर्यंत सुकत नाहीत. माती कायम ओलसर हवी, चिखल नको. बोट पेराभर खुपसून पाहिले की कळते. तू खाडीजवळ असशील तर एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी चाखून बघ. जरा जरी खारट लागले तरी कोथिंबिरीच्या पानांच्या कडा करपतात, तेव्हा नळाचे पाणी वापरावे. ऊन सकाळचे चार-पाच तास मिळाले तर उत्तम, दुपारी सावली. पूर्वेचा बलकांव असेल तर याहून सोयीची जागा नाही. माडाखालची चाळणीसारखी सावलीही चालते, फक्त नारळ आणि चुडते पडतात ती जागा सोडून.

आता पावसाळा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उघड्या परसात श्रावणात कोथिंबीर पेरणे म्हणजे कुजायलाच पेरणे. तुझी रोपे मुळाशी बारीक होऊन, दोरा बांधल्यासारखी दिसत होती ना? तो जमिनीतल्या बुरशीचा रोग. साचलेले पाणी, दाट पेरणी आणि वारा नसणे यांत तो फोफावतो, एका रात्रीत अर्धा खोका आडवा करतो. औषधे मारण्यापेक्षा त्याला हवी तशी परिस्थितीच मिळू द्यायची नाही. पावसात पेरायचे ते फक्त छपराखाली, बलकांवात किंवा खिडकीच्या कठड्यावर, जिथे उजेड भरपूर पण पावळीचे पाणी पडत नाही अशा जागी. मिश्रणात जाड वाळू जास्त, शेणखत कमी. पाणी अगदी थोडे, कारण हवाच ओली असते. आणि रोपे मोठी होण्याची वाट पाहायची नाही. वीस-बावीस दिवसांत बोट-दीडबोट उंचीची झाली की कात्रीने सगळी कापून घ्यायची. ती कोवळी कोथिंबीर सोलकढीवर, कोशिंबिरीवर भुरभुरली की जुडीची आठवण येत नाही. चवथीला हवी असेल तर चवथीच्या आधी चार आठवड्यांपासून, तीन खोक्यांत, तीन-तीन दिवसांच्या अंतराने पेर. एक कुजला तरी दोन राहतील. बेळगावहून येणारी भाजी घाटात अडकली की त्या दिवसांत जुडीचा भाव काय होतो ते तू जाणतेसच, तेव्हा एवढा खटाटोप करायला माझी ना नाही. पण भाज्यांच्या खतखत्यात आणि आमटीत भरघोस घालण्याइतकी कोथिंबीर पावसाळ्यात घरी होईल, असे मी तुला खोटे सांगणार नाही.

पावसाळ्यासाठी मी दुसरी सोय केलेली आहे. लांब, जिभेसारख्या पानांची, काठाला बारीक काटेरी दात असलेली एक कोथिंबीर असते. केरळकडे तिला आफ्रिकन मल्ली म्हणतात. मूळची ती अमेरिकेच्या उष्ण भागातली. वास कोथिंबिरीचाच, पण तिखट, म्हणून एका पानाने काम भागते आणि शिजवले तरी वास टिकतो. आपल्या कोथिंबिरीला जे सोसत नाही ते सगळे हिला आवडते. सावली, ओल, उकाडा सगळ्यांत ती राहते. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागायतीत, झाडांखाली छान वाढते. कोशिंबिरीत ती मला आवडत नाही, पान राठ लागते. पण वाटणात आणि मासळीच्या कालवणात फरक कळत नाही. एक रोप मिळव, बी आपोआप पडून पसरते.

कीड-रोगाचे फार नाही. थंडीत पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते, ती दाट आणि सावलीतल्या वाफ्यावर आधी. अशी पाने काढून टाक आणि झाडे विरळ कर. मावा कोवळ्या शेंड्यांना धरतो. पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने दोन-तीन सकाळी धुतला तर बहुतेक जातो, नाही गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थेंबभर साबण. फवारल्यावर आठवडाभर तोडू नये आणि नंतर नीट धुऊन घ्यावे, कारण ही आपण कच्ची खातो. विकतच्या विषारी औषधांचा विचारही करू नकोस. पावसात गोगलगायी रात्रीत सगळे फस्त करतात. विजेरी घेऊन रात्री वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे, हातात पिशवी घालून. खोके विटांवर उचलून ठेवले तर त्रास कमी होतो.

कापायचे कसे, हे तू नीट विचारले आहेस. पेरल्यापासून ३५ ते ४० दिवसांत झाड वीतभर होते. तेव्हा बाहेरच्या बाजूची मोठी पाने देठासकट बुडाजवळून कात्रीने काढायची आणि मधला कोवळा गाभा तसाच ठेवायचा. नवीन पान त्या गाभ्यातूनच येते. तू मूठ धरून वरून सरसकट कापतेस, त्यात गाभा जातो आणि मग झाड सावरायला वेळ घेते. घाई असेल आणि मूठभरून कापायचेच असेल तर जमिनीपासून दोन बोटे ठेवून काप. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त पाला घेऊ नये. कापल्यावर पाणी द्यावे, आणि पाचव्या दिवशी शेणखताचे गाळलेले पातळ पाणी. बारा-पंधरा दिवसांत पुन्हा कापण्याजोगी होते. अशा दोन, थंडी चांगली असेल तर तीन कापण्या. चौथीची आशा करू नये. विरळ करताना काढलेली कोवळी रोपे मुळासकट वापर. धुतलेल्या मुळाला आणि देठाला पानापेक्षाही जास्त चव असते, हिरव्या चटणीत आणि कोंबडीच्या काफ्रेलच्या वाटणात ती घालायची. पानांचा वास उष्णतेने उडतो, म्हणून पाने शेवटी आणि देठ आधी.

कापणी सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढण्याआधी. लगेच धुऊ नये. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर ताजी राहते, लागेल तेवढीच धुवावी.

आता दांडा निघाला की. वरची पाने पिसासारखी बारीक येऊ लागली, की दोन-तीन दिवसांत दांडा दिसतो. शेंडा खुडला तर चार-आठ दिवस मिळतात, त्याहून जास्त नाही. तेव्हा बहुतेक झाडे मुळासकट काढून वापरून टाकायची आणि जागा नव्या पेरणीला द्यायची. पण पाच-सहा झाडे ठेव. कोणती ठेवायची हे महत्त्वाचे आहे आणि मला हे कळायला फार वर्षे लागली. आपण साहजिकच जे झाड आधी फुलते त्याचे धने बियाण्याला ठेवतो, कारण ते आधी तयार होतात. म्हणजे दरवर्षी आपण घाईने फुलणारी कोथिंबीर निवडत जातो, आणि मग ती लवकर फुलते म्हणून कष्टी होतो. उलट करायचे. जी झाडे आधी दांड्यावर आली ती फुले उमलण्यापूर्वीच उपटायची, कारण मधमाश्या एकाचा पराग दुसऱ्यावर नेतात. बाकीची सगळी फुलली तरी जी पाने देत राहतात, त्यांच्या बुडाला सुतळी बांधून ठेवायची. बी त्यांचेच घ्यायचे. मी हे सात-आठ वर्षे करते आहे. आता माझ्या डिसेंबरच्या पेरणीतली झाडे पूर्वीपेक्षा बरेच दिवस थांबतात, हे मला वाफ्यातच दिसते.

ही पांढरी-गुलाबी फुले असतात तेव्हा वाफ्यावर मधमाश्यांची गर्दी होते आणि मावा खाणारे ढालकिडेही येतात, त्यामुळे शेजारच्या वालीलाही फायदा होतो. मग हिरवे धने धरतात. थोडे हिरवे असतानाच खुडून चटणीत घालून बघ, पानाची आणि धन्याची दोन्ही चवी एकत्र येतात, आणि बाजारात हे सहसा मिळत नाही. बियाण्याचे मात्र झाडावर अर्ध्याहून जास्त तपकिरी होऊ द्यायचे. सकाळी दांडे कापायचे, म्हणजे दाणे गळत नाहीत. सुती पिशवीत उलटे घालून सावलीत वाऱ्याला टांगायचे. आठ-दहा दिवसांनी पिशवी चोळली की धने सुटतात. पाखडून पुन्हा चार दिवस वाळवायचे. दाताखाली धना कुरकुरला पाहिजे, चिवट लागला तर अजून ओल आहे. मग काचेच्या बाटलीत, झाकणाला कागद लावून घट्ट, आणि बाटली पावसाळाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. दसऱ्याला बाहेर काढायची.

या वर्षी तुझ्याकडे असले बी नाही. दिवाळीनंतर डिचोलीच्या बाजूला येणे झाले तर माझ्याकडचे मूठभर घेऊन जा, सुतळीवाल्या झाडांचे. तोवर मासळीवाल्याकडे दोन खोके सांगून ठेव आणि धुऊन सुकव.